बडोद्याहून वेळावदर: सपाट मुलखातली सफारी आणि पक्षीनिरीक्षण कसं करावं

भावनगरजवळच्या वेळावदरच्या काळवीट राष्ट्रीय उद्यानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा तीन तासांत आम्ही आतले सगळे रस्ते दोनदा पालथे घातले. लांडगा कुठे दिसेल, तरस कुठे असतं, असं प्रत्येक वळणावर विचारत होतो. दिसल्या त्या पळणाऱ्या काळविटांच्या पाठी आणि आमच्याच गाडीची धूळ. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. या वेळचे गाईड त्याच भागातल्या गावचे, वयस्कर. आत शिरल्यावर पाच मिनिटांतच त्यांनी गाडी थांबवायला लावली. "बेन, गाडी बंद करो. ए पोते आवशे." म्हणजे, ते आपणहून येतील. पाऊण तास आम्ही एका जागी बसून राहिलो. काळवीट चरत चरत इतके जवळ आले की दातांनी गवत तुटल्याचा आवाज ऐकू येऊ लागला. एक खोकड बिळातून बाहेर आलं, आळस देऊन उन्हात बसलं. ऊन कलल्यावर भोवत्या नावाचे शिकारी पक्षी गवतावर उतरू लागले. एक, तीन, सात, आणि मग मी मोजायचं सोडून दिलं.

दाट जंगलात झाडी तुम्हालाही लपवते आणि प्राण्यालाही. सपाट मुलखात कुणालाच आडोसा नसतो. तुमची गाडी काळविटाला तुमच्या कितीतरी आधी दिसलेली असते, आणि ती कशी चालते आहे, कुठे थांबते आहे, यावर तो पळायचं की चरत राहायचं हे ठरवतो. गवताळ मैदान आणि पाणथळ जागा पाहायला जाणाऱ्यानं सगळी तयारी हे मनात धरून करावी, असं माझं अनुभवानं बनलेलं मत आहे.

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत वन्यजीव सफारी म्हटलं की गीरचा सिंह नाहीतर ताडोबाचा वाघ. दोन्ही पाहावेतच. पण दोनशे किलोमीटरच्या आत वढवाणा, थोळ, नळसरोवर आणि वेळावदर एवढं सगळं आहे. त्यातले वढवाणा आणि थोळ हे दोन तलाव तर गायकवाडी राज्यानं शेतीच्या पाण्यासाठी बांधले. वढवाणा सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९०९-१० च्या सुमारास, थोळ १९१२ मध्ये. शेतकऱ्यासाठी साठवलेल्या पाण्यावर मध्य आशियातली बदकं शंभर वर्षांहून अधिक काळ हिवाळा काढताहेत. २०२१ मध्ये दोन्ही तलावांना रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

आधी महिनाभर कमाटीबाग

नवी दुर्बीण घेऊन थेट वेळावदर गाठू नका. पाचशे मीटरवर उडणारा तपकिरी शिकारी पक्षी ओळखणं हे अवघड काम आहे, आणि पहिल्याच दिवशी अवघड काम हाती घेतलं की माणूस कंटाळतो. महिनाभर रविवारी सकाळी साडेसहाला कमाटीबागेत जा. तिथे तांबट, शिंजीर, कोतवाल, हळद्या, पोपट तर असतातच, जुन्या झाडांवर राखी धनेशही भेटतो. बागेतून विश्वामित्री वाहते, तिच्या काठावर वंचक आणि खंड्या बसतात. पुलावरून खाली पाहताना मगरही दिसू शकते. भर शहरातून वाहणाऱ्या नदीत मगरींची वस्ती असणं ही बडोद्याची खासियत आहे, आणि त्याचमुळे इथल्या माणसानं एक सवय अंगी बाणवावी: नदी असो, आजवा असो की दुसरा कुठला तलाव, फोटोसाठी पाण्याच्या अगदी कडेला उकिडवं बसायचं नाही.

या महिन्यात पाहायचं कसं ते शिका. रंग सगळ्यात शेवटी बघायचा. आधी आकार, तोही ओळखीच्या पक्ष्याशी तुलना करून: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. मग चोच. जाड की बारीक, सरळ की वाकडी? मग बसण्याची ढब, शेपटी हलवतो का, झाडाच्या शेंड्यावर बसतो की जमिनीवर पाला उलटतो. हे सगळं झाल्यावर रंग. सकाळच्या तिरक्या उन्हात रंग फसवतो, ढब फसवत नाही.

एक छोटी वही ठेवा. मोबाइलवर पाहिलेल्या पक्ष्यांची यादी ठेवणारं ई-बर्ड आणि पक्षी ओळखायला मदत करणारं मर्लिन ही दोन्ही ॲप चांगली आहेत आणि फुकट आहेत, मी रोज वापरते. पण मर्लिननं आवाज ऐकून नाव सांगितलं म्हणून ते लगेच यादीत टाकू नका, पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाही. वहीत चार ओळी लिहिल्या, शेपटीचा वेडावाकडा आकार काढला, की तो पक्षी पुन्हा विसरत नाही. माझ्या पहिल्या वहीतला तांबट बटाट्यासारखा दिसतो, तरीही त्याच्या कपाळावरचा लाल ठिपका कुठे असतो हे मला त्याच चित्रामुळे पाठ झालं. तीसेक पक्षी न अडखळता ओळखता येऊ लागले की शहराबाहेर पडा.

दुर्बीण

८×४२ घ्या. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलीमीटरमध्ये. दुकानदार १०×५० किंवा त्याहून मोठी गळ्यात मारू पाहतो, कारण आकडा मोठा दिसतो. पण पट वाढली की हाताचा कंप तेवढाच वाढतो आणि दिसणारा भाग लहान होतो. उडणारं बदक मग दुर्बिणीत सापडतच नाही. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिलीमीटर येतात, तेवढ्या जाडीचा प्रकाश डोळ्यात शिरतो. पहाटे आणि सांजवेळी, म्हणजे नेमकं जेव्हा भोवत्या पाहायचा असतो तेव्हा, हा आकडा उपयोगी पडतो. झूम असलेल्या दुर्बिणी टाळाच.

चष्मा असेल तर तो घालूनच दुकानात जा. डोळ्याकडचे रबरी कप आत वळवून किंवा फिरवून खाली करा आणि पूर्ण गोल दिसतो का ते पाहा. काळी कड दिसत असेल तर ती दुर्बीण तुमच्यासाठी नाही. घरी आल्यावर एकदाच करायचं काम: उजवं भिंग हातानं झाका, मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला लांबची पाटी स्पष्ट करा. मग डावं झाका आणि मधलं चाक न हलवता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडीची ती जागा लक्षात ठेवा. कितीतरी लोक वर्षानुवर्षं हे न करता वापरतात आणि दुर्बिणीनं डोकं दुखतं म्हणतात.

आणि सराव एकच: पक्ष्यावरची नजर न हटवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणायची. मान खाली घालून दुर्बीण शोधलीत की पक्षी हरवला. घराच्या गच्चीतून समोरच्या टाकीवरच्या पारव्यांवर हा सराव आठवडाभर करा.

वढवाण्याची सकाळ

बडोद्याहून डभोई, तिथून पुढे वढवाणा, गाडीनं सव्वा ते दीड तास. उजाडताना तिथे असायचं म्हणजे घरून पाचच्या आसपास निघायचं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंतचा काळ उत्तम. शनिवार-रविवारी शाळांच्या सहली आणि कुटुंबांची गर्दी असते, जमत असेल तर मधल्या वारी जा.

ओरसंग नदीचं पाणी आणून हा तलाव भरतात आणि रब्बीच्या पिकांना सोडतात. हे समजून घेतलं तर कधी काय दिसेल याचा अंदाज बांधता येतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला तलाव भरलेला असतो, पक्षी दूरवर पसरलेले असतात. शेतीला पाणी सुटत गेलं की कडेचा चिखल उघडा पडतो, आणि चिखलात चोच खुपसून खाणारे तुतवार, शेकाट्या, शराटी काठावर गोळा होतात. तुम्हाला बदकं हवीत की चिखलपक्षी, त्याप्रमाणे महिना निवडा.

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे सूर्य कुठे आहे ते पाहून सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरणं. समोर सूर्य असेल तर हजार बदकं हजार काळे ठिपके दिसतात, आणि नवखा माणूस तिथेच हिरमुसतो. पाळीवरून चालताना आकाशाच्या पार्श्वभूमीवर तुमची आकृती उठून दिसते, म्हणून शक्य तेवढं पाळीच्या उतारावरून चाला आणि थांबलात की बसा. उभ्या माणसाला घाबरणारी बदकं बसलेल्या माणसाकडे दहा मिनिटांत दुर्लक्ष करू लागतात. कपडे मातकट किंवा हिरवट. पांढरा सदरा आणि लाल स्वेटर घरी ठेवा.

आता समोरचा पक्ष्यांचा गालिचा ओळखायचा कसा? सगळ्यात आधी वारकरी बाजूला काढा. काळाकुट्ट, कपाळ आणि चोच पांढरीशुभ्र, पोहताना मान पुढे-मागे हलवतो. संख्येनं पुष्कळ असतात आणि लांबून बदकच वाटतात, पण बदक नव्हेत. गुजराती मंडळी त्याला भगतडुं म्हणतात. आपण वारकरी म्हणतो आणि ते भगत, हे मला फार आवडतं. दोन्ही भाषांना त्याच्या कपाळावर गंधच दिसलं.

वारकरी वगळल्यावर उरलेल्या बदकांचे दोन गट पाडा. डोकं पाण्यात आणि शेपूट वर करून उलटी होणारी ती उथळ पाण्यातली: लांब टोकदार शेपटीचा तलवार बदक, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, लहानखुरी चक्रांग. बुडी मारून पूर्ण दिसेनाशी होणारी ती खोल पाण्यातली: लालसरी आणि तिची भाऊबंदं. उडतानाही फरक कळतो. पहिला गट पाण्यावरून सरळ वर उसळतो, दुसरा गट पाण्यावर धावत धावत उडतो. मोठी लालसरी, म्हणजे नारिंगी डोक्याचा आणि लाल चोचीचा नर, वढवाण्याला आवर्जून शोधा. पश्चिम भारतात हे बदक एरवी कमीच आढळतं, वढवाण्याला मात्र त्याच्या नोंदी वाढत गेल्या आहेत.

मग हंस, म्हणजे इथे येणारे पट्टकादंब. त्यांच्या पांढऱ्या डोक्यामागे दोन काळे पट्टे असतात, म्हणून ते नाव. तिबेट, मंगोलिया, लडाखकडे त्यांची वीण होते आणि हिमालय ओलांडून ते इथे येतात. अंगावर बसवलेल्या यंत्रांनी त्यांची सात हजार मीटरच्या वरची उड्डाणं नोंदलेली आहेत. पहाटे आणि सांजवेळी ते शेतांत चरायला जातात आणि ऊन चढू लागलं की थवे करून तलावावर परततात. म्हणून साडेसात-आठ वाजले तरी हंस दिसले नाहीत म्हणून परत फिरू नका. आवाज आधी येतो, मान वर करा. एखाद्याच्या मानेत रंगीत पट्टा आणि त्यावर अक्षरं दिसली तर रंग आणि अक्षरं वहीत लिहा, जमेल तसा फोटो काढा आणि तिथल्या वन कर्मचाऱ्यांना दाखवा. दूर देशातल्या कुणा संशोधकानं घातलेला तो पट्टा असतो, आणि तो पक्षी जिवंत असल्याची बातमी तुमच्यामुळे पोचते.

साडेदहानंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि दुर्बिणीतलं चित्र लहरायला लागतं. तेव्हा दुर्बीण मिटा, दशम्या आणि थेपले काढा. आमच्याकडे डब्यात दोन्ही असतात, बडोद्याच्या मराठी घरात यावर वाद होत नाही. उरलंसुरलं काठावर टाकू नका. कुत्री येतात, आणि कुत्री पक्ष्यांवर जातात.

वेळावदरची तयारी

उद्यान १६ ऑक्टोबर ते १५ जून उघडं असतं, पावसाळ्यात बंद. प्रवेशपत्र वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधीच काढा, दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला तेच मूळ ओळखपत्र बरोबर न्या. मोठ्या कॅमेऱ्याचं शुल्क वेगळं असतं. गाईड घ्यावा लागतो, आणि घ्यावा लागत नसता तरी मी घेतला असता.

रस्ता वासद, तारापूर, वटामण, धोलेरा असा. साधारण चार तास धरा. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट करू नका. सकाळी नवाच्या सुमारास बडोद्याहून निघा, दुपारी पोचा, संध्याकाळची फेरी करा, मुक्काम करा, सकाळची फेरी करून जेवणाच्या वेळी परत निघा. दोन फेऱ्यांत दिसणारं उद्यान जणू दोन वेगवेगळी उद्यानं आहेत. वाटेत धोलेऱ्याच्या आसपासच्या सपाट खाऱ्या जमिनीवर गाडी हळू ठेवा. रस्त्यालगतच्या शेतांत आणि पाण्याच्या डबक्यांत हिवाळ्यात करकोचे उतरलेले असतात.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्या गाडीत वारा कापून काढतो. स्वेटरावर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी, हातमोजे. दहा वाजता हे सगळं काढावं लागेल, म्हणून थर घाला. घरातली वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर फेरीआधी प्रवेशद्वाराजवळ स्वच्छतागृहाला जाऊन या. आत तीन तास सोय नाही आणि गाडीतून उतरायला परवानगीही नाही. बायका यासाठी पाणी पिणं टाळतात आणि मग डोकं धरतं. पाणी प्या, वेळ सांभाळा.

मैदान कसं वाचायचं

सुमारे ३४ चौरस किलोमीटरचं हे उद्यान म्हणजे भाल प्रदेशातला एक लहानसा तुकडा आहे. खंभातचं आखात जवळ, जमीन खारी, गवत गुडघ्यापासून कमरेएवढं. भावनगर संस्थानाच्या काळात ही राखीव वीडी होती, म्हणजे गवताचं कुरण, आणि तिथे पाळीव चित्त्यांकरवी काळविटांची शिकार चाले. भावनगरच्या राजघराण्यातले पक्षीतज्ज्ञ धर्मकुमारसिंहजी यांनी हा मुलूख आयुष्यभर अभ्यासला. १९७६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. ज्या जमिनीला सरकारी दप्तरात पडीक म्हणायची सवय आहे, तशीच ही जमीन. एक झाड नाही म्हणून तिला ओसाड समजू नका. उलट, इथे गांडा बावळ नावाची परदेशी काटेरी झुडपं पसरू लागली की वन खातं ती उपटून काढतं, कारण झाडी वाढली की गवतावर जगणारे सगळेच उघड्यावर पडतात.

आत शिरल्यावर गाडीचा वेग वीसच्या वर नको. काळविटांचा कळप दिसला की थेट त्याच्या रोखानं जाऊ नका आणि पटकन ब्रेकही मारू नका. हळू हळू, कळपाला तिरकं जात थांबा, इंजिन बंद करा. सगळ्यांनी माना वर केल्या तर तुम्ही जरा जास्त जवळ आलात. तिथेच थांबा, पुढे जाऊ नका. पाच-सात मिनिटांत पहिली मान खाली जाईल, मग दुसरी. सगळ्या माना खाली गेल्या की तुम्हाला त्यांनी मैदानाचा भाग मानलं. इथून खरं बघणं सुरू होतं.

आता नर पाहा. पिळाची शिंगं आणि वय वाढेल तसा गडद होत जाणारा रंग. माद्या आणि पाडसं पिवळसर तपकिरी. मैदानात थोड्या थोड्या अंतरावर एकेक काळा नर एकटाच उभा दिसला, मान ताठ मागे टाकून, नाक वर करून ऐटीत चालताना, तर ती त्याची हद्द आहे. वेळावदरला असे अनेक नर एकमेकांना खेटून छोट्या छोट्या हद्दी धरतात आणि माद्या त्यांच्यातून फिरत निवड करतात. प्राणीशास्त्रात याला लेक म्हणतात. हिवाळा सरताना आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी हा प्रकार रंगतो. मार्चमध्ये भोवत्यांची गर्दी ओसरलेली असते, म्हणून लोक तेव्हा जात नाहीत. काळविटासाठी जायचं असेल तर जरूर जा. दोन नर शिंगाला शिंग भिडवतात तो खडखडाट लांबवर ऐकू येतो.

लांडगा शोधण्याची युक्ती गाईडनं मला शिकवली ती अशी: लांडगा शोधू नका, काळविटांकडे पाहा. सगळा कळप एकाच दिशेला तोंड करून ताठ उभा असेल, तर त्या दिशेला दुर्बीण लावा. बहुतेक वेळा गावातलं कुत्रं निघतं. एकदा मात्र निघाला तो लांडगा, गवतातून नुसती पाठ आणि कान दिसत होते, आणि आमच्या गाडीत पाच मिनिटं कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेतला नाही. नीलगाय, जिला इकडे रोझ म्हणतात, ती मात्र हमखास दिसते. रानडुक्करही.

भोवत्यांची संध्याकाळ

वेळावदरचं जगात नाव आहे ते भोवत्यांसाठी. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांत वीण करणारे हे शिकारी पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरपासून इकडे येतात, दिवसभर आसपासच्या शेतांवर आणि कुरणांवर फिरून नाकतोडे-टोळ खातात आणि रात्री गवतात, चक्क जमिनीवर, एकत्र झोपतात. एके काळी इथल्या रातथाऱ्यावरची संख्या हजारांच्या घरात मोजली गेली आहे. दिवसा ज्या कापसाच्या शेतावर ते घिरट्या घालतात, तिथल्या शेतकऱ्याचे ते फुकटचे राखणदार आहेत.

संध्याकाळच्या फेरीत शेवटचा पाऊण तास यासाठीच राखून ठेवा आणि गाईडला हे सुरुवातीलाच सांगा, नाहीतर लांडग्याच्या मागे तो वेळ जातो. थाऱ्याच्या गवतापासून लांब, रस्त्यावरच, सूर्य डाव्या किंवा उजव्या बाजूला ठेवून थांबा. आधी ते जमिनीलगत येतात, पंख किंचित वर उचलून इंग्रजी व्ही अक्षरासारखे धरलेले, तरंगत. मग वर्तुळं घेतात. एक उतरतो, पुन्हा उठतो, दुसरी जागा धरतो.

ओळख पटवण्यासाठी नरांपासून सुरुवात करा. अगदी फिकट, जवळजवळ पांढरा, पंखाच्या टोकाला काळी अरुंद पाचर असेल तर तो पांढुरका भोवत्या. जरा गडद राखाडी आणि पंखावर लांबीच्या दिशेनं काळी रेघ असेल तर माँटेग्यूचा भोवत्या. माद्या आणि पिल्लं तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. त्यांचा फरक नवख्यानं काढायच्या फंदात पडू नये, मीही अजून अर्ध्याअधिक वेळा वहीत 'भोवत्या, मादी' एवढंच लिहिते. आकारानं मोठी, गडद, पिवळट टोपी घातल्यासारखी मादी दिसली तर तो दलदली भोवत्या, जो वढवाण्यालाही बदकांवर झेपावताना दिसतो. अंधार पडायच्या आत दार गाठायचं असतं. फ्लॅश मारू नका, हेडलाइट थाऱ्याच्या दिशेनं वळवू नका. रात्री जमिनीवर झोपणाऱ्या पक्ष्याला एकदा उठवलं की त्याला अंधारात पुन्हा जागा शोधावी लागते, आणि गवतात रानमांजर असतंच.

तणमोराबद्दल एवढंच. गुजरातीत खडमोर. पावसाळ्यात गवतातून उभ्या उड्या मारून मादीला बोलावणारा हा लहानसा माळढोकवर्गीय पक्षी आता अतिसंकटग्रस्त आहे. त्याच्या विणीच्या काळात उद्यान बंद असतं आणि ते योग्यच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आजूबाजूच्या शेतांतून 'तणमोर दाखवतो' म्हणणारे भेटले तर नाही म्हणा.

नळसरोवर, आणि एक लांबची वाट

नळसरोवर १९६९ पासून अभयारण्य आहे, क्षेत्र सुमारे १२० चौरस किलोमीटर, आणि २०१२ मध्ये ते गुजरातमधलं पहिलं रामसर स्थळ झालं. पाणी इतकं उथळ की नावाडी बांबू टेकवत नाव ढकलतात. रोहित (फ्लेमिंगो), झोळीवाले (पेलिकन), करकोचे सगळे दिसतात. पण माझं मत विचाराल तर सुट्टीच्या दिवशी अजिबात जाऊ नका. नावेचा दर अधिकृत खिडकीवर ठरवून पावती घ्या आणि नावाड्याला स्पष्ट सांगा की थव्यात नाव घालू नका, लांब थांबवा. उडणाऱ्या रोहितांचा फोटो काढण्यासाठी थवा उठवणं हे तिथे सर्रास चालतं. दुसरं म्हणजे कुरव (सीगल) पक्ष्यांना गाठिया टाकणं. तळलेलं बेसन आणि मीठ हे माशांवर जगणाऱ्या पक्ष्याचं अन्न नाही. मुलं हट्ट करतील, त्यांच्या हातात दुर्बीण द्या.

ज्यांना एवढं करून गोडी लागली त्यांनी एका लांब विकांताला भरतपूरचं केवलादेव गाठावं. बडोद्यावरून जाणाऱ्या दिल्ली बाजूच्या काही गाड्या भरतपूरला थांबतात. २९ चौरस किलोमीटरचं हे राष्ट्रीय उद्यान १९८५ पासून जागतिक वारसा आहे, आणि तिथे पायी किंवा सायकलवर फिरता येतं. जीपच्या सफारीनंतर सायकलवरून पक्षी पाहणं म्हणजे काय ते तिथे कळतं.

आवाज, अंतर, आणि उत्तरायण

मोबाइलवर पक्ष्याची हाक वाजवून त्याला बाहेर काढणारे आता प्रत्येक ठिकाणी दिसतात. विणीच्या काळात नर स्वतःची हद्द राखायला धावून येतो, खाणं सोडतो, आणि तुम्ही फोटो घेऊन निघून जाता. हे करू नका, आणि तुमच्या गाडीत कुणी केलं तर थांबवा. घरट्याचे फोटो जागेच्या नावासकट टाकू नका. लांडग्याच्या बिळाचे तर मुळीच नाही.

जानेवारीत देशभर पाणपक्ष्यांची गणना होते, आपल्या भागातल्या गणनेत नाव नोंदवा. जाणकारांबरोबर एक सकाळ घालवली की दहा सकाळींचं शिकून होतं.

आणि त्याच महिन्यात आपल्याकडे उत्तरायण असते. नेमके हंस आणि करकोचे ज्या वेळी शेतांवरून ये-जा करतात, त्या पहाटेच्या आणि सांजवेळेच्या तासांत आकाशात मांजा असतो. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग खाली ठेवा, घरातल्या मुलांनाही हे सांगा. नायलॉनचा, काचेचा मांजा आणू नका. जखमी पक्षी सापडला तर दोरा ओढू नका, पंखात रुतलेला दोरा ओढला की स्नायू कापला जातो. बाहेर लोंबणारा तेवढा कात्रीनं कापा. पक्ष्यावर सुती फडकं टाका, तो शांत होतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, उबेत ठेवा. चोचीत पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. राज्य सरकारची करुणा अभियान मोहीम या दिवसांत चालू असते, तिचा क्रमांक १३ जानेवारीलाच फोनमध्ये साठवून ठेवा. गच्चीवर एक रिकामं खोकं, कात्री आणि फडकं आमच्या घरी तिळगुळाच्या डब्याशेजारीच ठेवलेलं असतं.